भोंग्यावरचं नाव

काळीपिवळी जीप घनसावंगीतून निघून उसाच्या शेतांमधल्या रस्त्याला लागली, आणि अक्षताच्या मांडीवरचा डबा ओरडला.

एकदाच. बारीक, टोकदार आवाज — टिंव...

जीपमध्ये माणसं दाटीवाटीनं बसली होती. सगळ्यांची बोलणी एकदम थांबली. अक्षतानं घाईघाईनं डब्यावर ओढणी ओढली, पण झाकणातून दिसणाऱ्या तारा आणि लुकलुकणारा लाल दिवा तोवर सगळ्यांनी पाहिला होता. डबा साधाच होता, प्लास्टिकचा, शाळेत पोळीभाजी न्यायचा. तो पुन्हा ओरडला.

समोरच्या म्हाताऱ्यानं विचारलं, डब्यात काय आहे. अक्षतानं सांगायला तोंड उघडलं... आणि नेहमीसारखंच झालं. चार डोळे एकदम तिच्याकडे वळले की तिचा आवाज घशातच बसायचा. कॉलेजात एकदा सेमिनारला ती फळ्यासमोर उभी राहिली होती आणि एक शब्द न बोलता परत येऊन बाकावर बसली होती. आताही तेच. कुणीतरी 'बॉम्ब' हा शब्द उच्चारला. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला, मागं वळून पाहिलं आणि डब्यासकट खाली उतरायला सांगितलं.

"उतरवू नका त्यांना," मागच्या कोपऱ्यातून आवाज आला. "आभाळाचा भरवसा न्हाई. रस्त्यात कुठं उभ्या राहतील? द्या तो डबा इकडं. फुटला तर माझ्या मांडीवर फुटंल."

बोलणारा पंचविशीचा होता. खांद्यावर घोंगडी, पायाशी मेंढरांच्या औषधाच्या बाटल्यांची पिशवी. अक्षतानं डबा त्याच्या हातात दिला. त्यानं तो मांडीवर घेतला, वरून घोंगडी टाकली, आणि ड्रायव्हरला म्हणाला, "चला."

जीप चालू लागली. थोड्या वेळानं त्यानं हलक्या आवाजात विचारलं, "काय हाय खरं?"

एकच माणूस विचारत होता, म्हणून तिला बोलता आलं. "विजेचा आहे. म्हणजे... आभाळातली वीज. ती चमकली की हवेतून एक लहर सुटते. आवाजाच्या कितीतरी आधी ती लहर पोचते. डबा ती पकडतो आणि वाजतो."

"आता कुठं चमकली?"

"लांब. आपल्याला दिसत नाही इतकी लांब."

त्यानं बाहेर पाहिलं. पश्चिमेकडे आभाळ नुसतं मळकट होतं, बाकी काही नाही. तिचं गाव, पिंपळगाव, जवळ आलं, लोक डबा विसरून पुन्हा गप्पांत रमले, तेव्हा कुठं दूर, अगदी दूर, जातं फिरल्यासारखी घरघर ऐकू आली. बाकी कुणाचं लक्ष नव्हतं. त्यानं मात्र झटकन अक्षताकडे पाहिलं.

"डबा आधी बोलला," तो म्हणाला. "आभाळ मागून."

किती महिने ती त्या डब्याशी झटत होती. घरच्यांनी 'बरं' म्हटलं होतं, कॉलेजातल्या सरांनी आजच 'छान' म्हटलं होतं. पण त्या डब्याचं मर्म असं एका वाक्यात कुणीच सांगितलं नव्हतं. ती हसली... आणि हसता हसता तिची नजर त्याच्या हातांवर गेली. घोंगडी बाजूला सरकली होती, आणि त्यानं डबा इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली होती. आणि ती कापत होती.

उतरताना त्यानं डबा परत दिला. तिच्याकडे न बघता.

*

अक्षताचे वडील भिवा बाजारात दोर, कासरे, वेसणी आणि घुंगरमाळा विकायचे. अक्षता बी.एस्सी. होऊन घरी होती. दुपारी चार मुलींची शिकवणी घ्यायची, बाजाराच्या दिवशी वडिलांच्या पालावर बसायची, आणि उरलेला सगळा वेळ ती तिच्या कोपऱ्यात असायची. तिथं एक टेबल, एक सोल्डरिंग गन, आणि टपालानं मागवलेल्या, चिमटीत धरता येणार नाहीत इतक्या बारीक चिपा. टाकी भरली की वाजणारी घंटी तिनं केली होती. अंधार पडला की आपोआप लागणारा गोठ्यातला दिवा केला होता. चुकलं तर सोडवायचं, पुन्हा करायचं... त्यात तिचा जीव रमायचा. तारा तिच्याकडे डोळे वटारून बघत नसत.

विजेच्या डब्याचं वेड बाबांच्या जुन्या रेडिओनं लावलं. आभाळात गडगडायच्या आधी रेडिओ खरखरायचा. लहानपणी तिला ते कोडं वाटे. मोठेपणी तिनं ते सोडवलं.

आई, सगुणाबाई, हे सगळं बघून सुस्कारे टाकायची. पोरीच्या हाताला मेंदीचा वास यावा, तर हिच्या हाताला जळक्या राळेचा. बघायला आलेल्या पाहुण्यांना काय सांगायचं, ही तारा जोडती म्हणून?

पुढच्या बाजारी जीपमधला तो घोंगडीवाला पालावर आला. एक दोर उचलला, बोटांनी चाचपला, ठेवला. दुसरा उचलला. भिवा दुसऱ्या गिऱ्हाइकात गुंतलेले बघून अक्षताला म्हणाला, "मी सुग्रीव. धोंड्याच्या माळावरची मेंढरवाल्यांची वस्ती हाय ना, तिथला. तसला एक डबा मला पाहिजे."

अक्षतानं नाही म्हटलं. लगेच, स्पष्ट. तो छंद आहे, तिनं सांगितलं. त्याच्यावर कुणी जीव टाकावा असा तो नाही. कधी उगीच वाजतो, कधी वाजायचं राहून जाईल. आणि पहिली वीज जर आपल्याच डोक्यावरच्या ढगातून पडली, तर डबा काय सांगणार?

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग दोर खाली ठेवला.

"माझे चुलते गेले," तो म्हणाला. "लिंबाजी काका. दोन वर्सं झाली. लिंबाखाली उभे होते मेंढरं घिऊन. मी पाणी आणाया गेल्तो. आलो तर..." तो थांबला. "तवापासून आभाळ आलं का माझे हात कापतेत. मेंढरामागं जाणारा माणूस आभाळाला भेतो, हे कुणाला सांगू? घरात बी कुणाला म्हाईत न्हाई. तुमाला जीपमंदी दिसलं, म्हणून तुमाला सांगून राह्यलो."

अक्षता घुंगरमाळा उगीच सरळ करत राहिली.

"दोर कोणता देऊ?" तिनं शेवटी विचारलं.

"दोर नको. डबा तयार व्हायला किती दिवस लागतेत तेवढं सांगा."

*

दुसरा डबा करताना तिची झोप उडाली. पहिला तिनं मजेत केला होता. यात मजा नव्हती. एकेक टाका ती दोनदा घालायची, तीनदा ओढून बघायची. हा टाका सुटला तर? सेल उतरला तर? पाणी आत गेलं तर? झाकणाच्या कडेला तिनं सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवली, वर मेण लावलं. कधी नव्हे ती तिनं देवापुढे ठेवलेली सोल्डरिंग गन बघून आईनं कपाळाला हात लावला.

डबा देताना तिनं त्याला शाळेतल्या मुलासारखं समोर उभं करून सांगितलं. वाजला की निघायचं. झाडाखाली थांबायचं नाही, तारेच्या कुंपणाला टेकायचं नाही, पक्क्या छताखाली जायचं. आणि नाही वाजला तरी आभाळाकडे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं.

"आनि तुमाला फोन करायचा का?" त्यानं विचारलं.

"कशाला?"

"वाजला म्हणून सांगाया."

"माझाही वाजेलच की घरी."

"मंग... दोघांचा एकदमच वाजंल म्हणा की," तो म्हणाला, आणि डबा पिशवीत ठेवता ठेवता हसला. अक्षताचे कान तापले.

सुरुवातीलाच डब्यानं त्याचं हसं केलं. माळाशेजारी काकासाहेब नावाच्या बागायतदाराच्या शेतात विहिरीवरची मोटर सुरू झाली, तिची ठिणगी डब्यानं वीज समजली. सुग्रीव मेंढरं हाकत भर उन्हात वस्तीवर परतला. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. त्याचे वडील, मल्हारीआबा, कुणाला टाकून बोलत नसत. पण त्या दिवशी म्हणाले, मेंढरं माणसानं राखायची का डब्यानं? वस्तीवरच्या पोरांनी त्याचं नाव 'डबेवाला' ठेवलं.

तो डबा घेऊन आला तेव्हा अक्षतानं बोलणी खायची तयारी ठेवली होती. पण तो तक्रार करत नव्हता. ती लॅपटॉपवर डब्यातला प्रोग्राम बदलत होती आणि तो पालाच्या बांबूला टेकून तिच्या बोटांकडे बघत होता. मोटरीची ठिणगी आणि विजेची लहर यांतला फरक तिनं डब्याला शिकवला. पुन्हा तशी चूक झाली नाही.

तरी पुढच्या बाजारी तो हजर. म्हणे, याचा आवाज बसला.

"आवाज माणसाचा बसतो," अक्षता म्हणाली. "डब्याचा नाही."

"लई वरडतो ना, म्हणून बसला आसंल."

तिनं बटण दाबलं. डबा खणखणीत वाजला. "हा तर चांगला बोलतोय."

"तुमच्यापाशी आला का बोलतो," सुग्रीव म्हणाला. "आमच्यापाशी गप राहतो. मी बी तसाच हाय, फक्त उलटं."

तिला हे उलटसुलट सोडवायला थोडा वेळ लागला. सुटलं तेव्हा ती खाली मान घालून स्क्रू पिळत बसली.

मग हे सुरूच झालं. कधी दिवा मंद, कधी झाकण ढिलं. झाकणाच्या स्क्रूवर चाकूचे ओरखडे होते. तो स्वतःच ते सैल करून आणत होता. तिला पहिल्या दिवशीच कळलं होतं, पण तिनं दाखवलं नाही. उलट, बाजाराच्या सकाळी ती हिरवी ओढणी घ्यायला लागली. दैवशाला, शेजारची मैत्रीण, खुरपायला जाता जाता दारातून डोकावून विचारायची, आज मशिनीला हिरवं लागतं का ग?

आणि तरी जिवाला स्वस्थता नव्हती. ढग आला की अक्षताचा डबा वाजायचा, आणि तिचा हात फोनकडे जायचा. तो वस्तीवर पोचल्याचा निरोप येईपर्यंत तिला घास जात नसे. आधी आभाळ म्हणजे तिच्यासाठी लहरी होत्या, आकडे होते. आता आभाळाखाली एक माणूस होता.

*

दसरा होऊन गेला. कापूस फुटला होता, शिवारं पांढरी झाली होती, आणि परतीचा पाऊस मागं रेंगाळत होता. त्या बाजारी सुग्रीव पुन्हा डबा घेऊन आला. काय बिघडलं ते या वेळी त्याला नीट सांगताही आलं नाही.

अक्षतानं डबा कानाशी धरला, हलवला, कपाळाला आठी घातली. त्यात काहीही झालेलं नव्हतं. तिनं तो तिथंच परत द्यायला हवा होता. पण बाजारात गर्दी होती, बाबा जवळच होते, आणि अजून एक शब्दही बोलून झाला नव्हता.

"राहू द्या," ती म्हणाली. "उद्या दुपारी घरी येऊन न्या."

"घरी?" त्यानं विचारलं.

"हो. आई चहा देईल."

तो गेला, तो चालत गेला की तरंगत, हे त्याचं त्यालाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून हवा कोंडली होती. पान हलेना. अक्षतानं घर झाडलं, टेबल आवरलं, दोन्ही डबे शेजारीशेजारी ठेवले. साडेअकराच्या सुमारास त्याचा निरोप आला. आबा परतूरला सोयऱ्यांकडं गेल्यात, मेंढरामागं मीच निघालोय, आज येणं होत न्हाई.

ती खट्टू झाली. फोन ठेवला, शिकवणीची वही उघडली...

आणि टेबलावरचे दोन्ही डबे एकदम वाजले.

दोघांचा एकदमच वाजेल, तो म्हणाला होता. वाजला होता. पण दोन्ही इथं, तिच्यासमोर.

तिनं फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. गोदावरीच्या अंगाला, माळाखालच्या ज्या खोलगट रानात तो मेंढरं चारायचा, तिथं फोन लागत नाही हे तिला माहीत होतं. पुन्हा लावला. पुन्हा. डबे वाजतच होते, मधलं अंतर कमी होत होतं. बाहेर येऊन तिनं पाहिलं. पश्चिमेला शाईसारखा ढग उठला होता.

एकच विचार डोक्यात घण घालत होता. डबा चांगला होता. तो चांगला आहे हे मला माहीत होतं. तरी मी ठेवून घेतला.

पळत रानात जावं? तिथपर्यंत पोचायच्या आत वीज तिलाच उघड्यावर गाठेल. तिनं दारात उभं राहून एकदा डोळे मिटले. उघडले तेव्हा समोर, घरांच्या वर, मारुतीच्या देवळाचा कळस दिसला. आणि त्याच्याखाली बांधलेले, चार दिशांना तोंड केलेले भोंगे.

पुजारीबाबा सभामंडपात पडून होते. अक्षता धापा टाकत समोर उभी राहिली आणि माइक मागितला. ते उठून बसले. कशाला, कुणी सांगितलं, सरपंचाला विचारलं का... तिनं फक्त हातातला डबा पुढं केला. तो त्यांच्या तोंडासमोर वाजला. बाबांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि काही न बोलता बटण दाबलं.

माइक खरखरला. सगळं गाव ऐकणार होतं. तिचा घसा नेहमीसारखा मिटायला लागला. तिनं खांबाला घट्ट धरलं.

"सगळ्यांनी ऐका... वीज येतेय. जवळ आलीय. कापूस वेचणं थांबवा. सगळ्यांनी पक्क्या घरात जा, झाडाखाली कुणी थांबू नका. पुढच्या शेतातल्यांना हाक मारून सांगा." आवाज कापत होता, पण निघत होता. तिनं तेच पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं. रानातून बायका बांधावर जमताना, मोटरसायकली गावाकडे वळताना दिसू लागल्या.

धोंड्याच्या माळाच्या दिशेला मात्र कुणीच दिसत नव्हतं. तिकडेच ढग होता.

माइक अजून चालू होता.

"सुग्रीव," ती म्हणाली.

गावात शांतता पसरली. निदान तिला तसं वाटलं.

"सुग्रीव, तुमचा डबा माझ्यापाशी आहे. तो बिघडलेला नाही. त्याची वाट बघू नका. मेंढरं राहू द्या... तुम्ही या. सुग्रीव, तुम्ही निघा तिथून."

ती त्याचं नाव घेत राहिली. किती वेळा, ते तिला नंतर कधीच आठवलं नाही. मग डोळे दिपवणारा उजेड झाला, कडाडकन आवाज आला, गावची लाइट गेली आणि माइक मुका झाला.

*

पाऊस आडवा-तिडवा कोसळत होता. सभामंडपात भिजलेल्या बायका दाटल्या होत्या, कापसाची गाठोडी पोटाशी धरून. अक्षता खांबाशी बसली होती. कुणी तिच्याशी बोलत नव्हतं. सगळ्या मात्र तिच्याकडे बघत होत्या. या वेळी त्या नजरांचं तिला काही वाटत नव्हतं.

दैवशाला आली, चिंब भिजलेली. तिच्याजवळ बसून सांगू लागली, भोंगा कुठपर्यंत ऐकू गेला ते. नाल्यापल्याड जात नव्हता म्हणे. म्हणून त्यांनी नाल्यावरून ओरडून पल्याडच्या बायकांना सांगितलं, त्यांनी पुढच्या शेतातल्यांना. "वीज आली, निघा, आसं बी सांगितलं," दैवशाला म्हणाली, "आन् त्याचं नाव बी सांगितलं."

"पोचलं का पुढं?"

"ते न्हाई ग ठावं."

नदीच्या अंगाला एक वीज पडली. पडली हे सगळ्यांनाच कळलं, कारण उजेड आणि आवाज यांच्यामध्ये श्वास घ्यायलाही जागा नव्हती. अक्षतानं दोन्ही हात तोंडावर दाबून धरले.

आई कधी आली ते तिला कळलं नाही. डोक्यावर पोतं घेऊन सगुणाबाई पावसातून देवळापर्यंत आली होती. आता काय ऐकावं लागेल याची अक्षताला कल्पना होती. गावासमोर, भोंग्यावर, परक्या पोराचं नाव. आई शेजारी टेकली, पदरानं तिचं तोंड पुसलं आणि एवढंच विचारलं, "पोरगा चांगला हाय का?"

अक्षतानं मान डोलावली, आणि मग तिला रडू आवरेना.

पाऊस ओसरला तेव्हा उन्हं कलली होती. पायऱ्यांशी कुणीतरी येऊन उभं राहिलं. अनवाणी, चिखलानं माखलेलं, खांद्यावर घोंगडी नसलेलं. बायका आपोआप बाजूला झाल्या.

अक्षता उठली.

"आभाळ दिसत होतं मला," सुग्रीव म्हणाला. त्याचे ओठ निळे पडले होते. "हात कापून राह्यले व्हते. पर उठता येईना. मेंढरं सोडून कसं जावं... आन् डबा न्हाई, तर ठरवावं कसं? तसाच बसलो व्हतो. मंग पल्याडच्या बांधावरून एक बाई वरडली. मी तिला वळखत बी न्हाई. माझं नाव घिऊन वरडली. मंग दुसरी. काकासाहेबांच्या गोदामापर्यंत पळालो, दार ओढलं, आन् मागं वीज पडली."

"मेंढरं?"

त्यानं मान खाली घातली. सगळी गेली नव्हती; पण काही गेली होती. त्यांत त्यानं बाटलीनं दूध पाजून वाढवलेली एक होती. ते सांगताना त्याचा आवाज फुटला.

"डबा बिघडला नव्हता," तो शेवटी म्हणाला. "मीच..."

"मला माहीत होतं."

"कवापासून?"

"आवाज बसला होता तेव्हापासून." तिनं डोळे पुसले. "माहीत असून ठेवून घेतला मी. तुम्ही घरी यावं म्हणून. तुम्हाला काही झालं असतं तर..."

"मी बी त्याच्यासाठीच दिला ना," सुग्रीव म्हणाला. "दोघांचं बराबर झालं."

मागं कुणीतरी खोकलं. दैवशाला सगुणाबाईच्या कानाशी, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "काकू, वीज तर चुकली. आता अक्षता काय चुकायच्या न्हाईत त्याच्या डोक्यावरच्या." ओल्याचिंब बायका खुदुखुदू हसल्या. एवढ्या भीतीनंतर ते हसू कुणालाच थांबवता येईना.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मल्हारी भिवांच्या दारात आले.

घरात सगळ्यांचे चेहरे उतरले. मेलेल्या मेंढरांचा जाब विचारायला आले असतील. पोरीनं पोराला मेंढरं सोडून यायला सांगितलं होतं, तेही साऱ्या शिवाराला ऐकवून. सुग्रीव मागं होता, पण तो अंगणातच मोटरसायकलपाशी थांबला. अक्षता आतल्या दाराआड उभी राहिली.

मल्हारी बाजेवर बसले. पाणी घेतलं, चहा घेतला. कप खाली ठेवला. भिवांनी पावसाचा विषय काढला, तो लगेच संपला. मल्हारींनी फेटा काढून मांडीवर ठेवला.

"माझा भाऊ गेला," ते म्हणाले, "तवा चार शेतं सोडून मानसं व्हती. समद्यांला ढग दिसत व्हता. कुणी हाक मारली न्हाई. कुणाची चुकी न्हाई ती; हाक मारावी आसं कुणाच्या ध्यानातच आलं न्हाई." त्यांनी घसा साफ केला. "माझ्या पोराला मातर हाक मारली. मेंढरं व्हतील पुन्हा. भिवाभाऊ, ही पोरगी आमाला द्या."

भिवांनी सगुणाबाईकडे पाहिलं. सगुणाबाईनं दाराकडे पाहिलं. अक्षताचं काय म्हणणं, असं कुणीतरी विचारलं. आतून फक्त बांगड्या वाजल्या. मल्हारी पहिल्यांदा हसले. म्हणाले, काल इतकं बोलली, आज राहू द्या.

थोड्या वेळानं मोठ्या माणसांची तारखांची बोलणी सुरू झाली, तेव्हा ती डबा घेऊन अंगणात गेली. तिनं पहाटेच उठून त्यात नवा सेल घातला होता, स्क्रू बदलून घट्ट आवळले होते. सुग्रीवनं डबा घेतला. दोघांनाही एकमेकांकडे बघायचा धीर होईना.

"अजूनही भीती वाटते मला," अक्षता म्हणाली. "लग्न झालं तरी तुम्ही रानातच जाणार. आणि ढग तर येणारच."

"मला बी वाटती," तो म्हणाला. "पर आता ती लपवायची न्हाई. येवढंच सुटलं बघा माझं."

मग त्यानं डबा पिशवीत ठेवला, गाडीची किल्ली हातात घेतली, आणि न जाता तसाच उभा राहिला.

"एक सांगू? लग्नात बाया तुमाला नाव घ्यायला लावतील. उखाण्यात." तो जमिनीकडे बघत म्हणाला. "तवा मातर जरा हळू घ्या. कालचं अजून शिवारात फिरून राह्यलंय."

अक्षता हसली. हसतानाच तिचे डोळे भरून आले.

"हळू घेतलं, आणि तुम्हाला ऐकूच नाही आलं तर?"

सुग्रीवनं मान वर केली. आता तो सरळ तिच्याकडे बघत होता.

"येतं," तो म्हणाला. "तुमचं हळू बी ऐकू येतं."